इंजिन बसलं, ट्रक राहिला

वर्कशॉपच्या मागे कडुनिंबाखाली जो हिरवा ट्रक उभा आहे, त्याच्याशी आपल्या कॉलेजातल्या प्रत्येकाचं काही ना काही नातं आहे. फर्स्ट इयरला त्याच्या बॉनेटवर चढून फोटो काढलेला असतो. सेकंड इयरला सबमिशनच्या आदल्या रात्री त्याच्या हौद्यात बसून जर्नल पुरी केलेली असते. आणि एटीकेटी लागल्यावर घरी फोन कसा करायचा, याचा विचारही बहुतेकांनी तिथेच बसून केलेला असतो. या सत्रात डेड स्टॉकची तपासणी झाली आणि निर्लेखनाच्या यादीत या ट्रकचं नाव आलं. म्हणजे भंगार. किलोच्या भावाने!

यावरून कॉलेजात तीन तट पडलेत. एक म्हणतो, 'जाऊ दे ना, नुसते डास होतात तिथे.' दुसरा म्हणतो, 'मस्त कॉमन रेल डिझेल टाकू आणि गॅदरिंगला मैदानात फिरवू.' तिसरा तट मुख्यतः स्टाफरूममध्ये आहे. त्यांचं म्हणणं, रंग देऊन गेटपाशी चबुतऱ्यावर उभा करा, शोभा येईल.

मला तिन्ही पटत नाहीत. आणि हे सांगायचा मला थोडाफार अधिकार आहे, कारण फेब्रुवारी २०२५ मध्ये हा ट्रक हॉस्टेलच्या उतारावरून सुसाट खाली आला, तेव्हा स्टिअरिंगवर मी होतो. त्या दिवसाबद्दल कॅम्पसमध्ये बऱ्याच दंतकथा आहेत. खरं काय झालं ते एकदा लिहून टाकतो, मग माझं मत सांगतो.

पण आधी हा ट्रक कोण ते सांगायला हवं. आपण त्याला सरसकट 'मिलिटरीचा ट्रक' म्हणतो, पण त्याला नाव आहे. हा निस्सान वन टन. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लष्कराच्या गाड्या आपल्याच देशात बांधायच्या असं ठरलं. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर १९५९ साली जबलपूरला शक्तिमान ट्रक बांधायला सुरुवात झाली. जपानच्या निस्सान कंपनीच्या परवान्यावर हा वन टन आणि पुढे जोंगा आली. सुरुवातीचं काम गन कॅरेज फॅक्टरीत चालायचं. १९६९ साली तिथेच व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. 'जोंगा' हा शब्द जपानी वाटतो, पण तो आहे 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या लांबलचक नावाची आद्याक्षरं! जोंगा आणि वन टन, दोघांचं इंजिन एकच: सहा सिलिंडर, ३९५६ सीसी, पेट्रोल, साधारण ११० अश्वशक्ती. दणकट इंजिन. फक्त पीत फार होतं. आपला ट्रक शेवटचा चालला तेव्हा लिटरला तीन-साडेतीन किलोमीटर द्यायचा, असं वर्कशॉपमधले काका सांगतात. काका म्हणजे लष्कराच्या ईएमईतून निवृत्त होऊन आपल्याकडे आलेले इन्स्ट्रक्टर. ज्यांना लेथवर चहा ठेवल्याबद्दल त्यांच्या शिव्या बसल्या आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको.

तर २०२४-२५ सालच्या फायनल इयरच्या सहा जणांनी प्रोजेक्ट घेतला: वन टनमध्ये आधुनिक डिझेल इंजिन बसवणं. मी तेव्हा थर्ड इयरला होतो आणि बिनपगारी मदतनीस म्हणून त्यांच्यात घुसलो. एका अपघातग्रस्त टेम्पोचं इंजिन भंगारवाल्याकडे मिळालं. चार सिलिंडर, जेमतेम तीन लिटर, टर्बो, कॉमन रेल, १०० अश्वशक्ती आणि ३०० न्यूटन-मीटर टॉर्क. जुन्या इंजिनाचा टॉर्क सुमारे २६५. म्हणजे एक लिटरने लहान इंजिन आणि टॉर्क तेरा-चौदा टक्के जास्त. आम्ही खूश! तीस-चाळीस वर्षांत इंजिनाचं शास्त्र कुठल्या कुठे गेलं, हे या दोन आकड्यांत दिसतं.

पुढचे पाच महिने आम्ही त्या इंजिनाचं लग्न लावत होतो. नवीन इंजिनाचं तोंड आणि जुन्या गिअरबॉक्सचं तोंड जुळत नाही, म्हणून मध्ये अडॅप्टर प्लेट लागते. ती आम्ही स्वतः मिलिंगवर काढली. इंजिनाचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेत आणायचे असतात. डायल गेज फिरवून बघितलं, तर पहिल्यांदा अर्धा मिलिमीटरचा फरक. तेवढ्यावर क्लच प्लेट फाटते आणि बेअरिंग खातं. शेवटी ०.२ च्या आत आणलं, तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते आणि आम्ही काकांच्या खोलीचं दार वाजवून त्यांना ते दाखवलं होतं. काका गेजकडे बघून म्हणाले, 'छान आहे.' मग एवढंच विचारलं, 'थांबणार कशी रे गाडी?' आम्ही हसलो. आम्हाला वाटलं, झोपेत बोलतायत.

आता जरा टेक्निकल. नॉन-मेक जनतेने कृपया पान उलटू नये, कारण अपघाताचं कारण इथेच आहे.

आपल्या ट्रकचे ब्रेक हायड्रॉलिक आहेत आणि पायाला मदत करायला व्हॅक्यूम बूस्टर आहे. एवढ्या वजनाची गाडी नुसत्या पायाच्या जोरावर थांबवणं कठीण, म्हणून बूस्टरच्या एका बाजूला निर्वात आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा सोडून तो फरक पायाच्या मदतीला घेतात. हे व्हॅक्यूम येतं कुठून? पेट्रोल इंजिनात फुकट मिळतं. आपण अॅक्सिलरेटर सोडला की थ्रॉटल बंद होतो, सिलिंडर हवा ओढत राहतात आणि मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतं. तिथून एक नळी बूस्टरला. पण डिझेलमध्ये पेट्रोलसारखा थ्रॉटलने हवा अडवण्याचा प्रकार नाही. ताकद कमी-जास्त होते ती इंधन कमी-जास्त करून. म्हणजे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नाही. म्हणून अशा डिझेल गाड्यांना वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, आणि आपल्याकडच्या कित्येक इंजिनांत तो ऑल्टरनेटरच्या मागच्या बाजूला, त्याच्याच शाफ्टवर बसवलेला असतो.

आमच्या इंजिनाचा ऑल्टरनेटर अपघातात फुटलेला होता. आम्ही भंगारात एका पेट्रोल कारचा मिळाला तो बसवला. चार्जिंग झकास! मागचा पंप गेला, हे सात जणांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. जुनी व्हॅक्यूमची नळी नव्या इंजिनाशेजारी लोंबकळत होती. दिसायला बरं दिसत नव्हतं, म्हणून तिच्या तोंडात एक बोल्ट घालून वरून क्लिप आवळली. ती आवळणारा मीच.

मैदानावर ट्रायल झाली. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने. पेडल कडक लागत होतं, पण आम्हाला वाटलं, मिलिटरीची गाडी आहे, कडक असणारच. व्हिडिओ काढला. टाळ्या पडल्या. मग कुणीतरी म्हणालं, हॉस्टेलपर्यंत जाऊन येऊ. वर चढताना ट्रक असा चढला की अंगावर काटा आला. येताना हौद्यात आठ जण, तिसरा गिअर. अॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन गाडी धरून ठेवेल, हा माझा अंदाज. पण थ्रॉटल नसल्यामुळे डिझेल पेट्रोलएवढं धरत नाही. मेसच्या वळणापाशी ब्रेकवर पाय दिला तर पेडल दगडासारखं. दोन्ही पाय देऊन सीटवरून उठलो, तरी वेग कमी होईना. हँडब्रेक ओढला तर तो हातात आला, कारण गिअरबॉक्स बसवताना सोडलेली त्याची केबल कुणी परत जोडलीच नव्हती. नवीन विंगच्या बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगात मी ट्रक घातला. ढीग नसता तर पुढे मेसची रांग होती. रविवार होता, दुपारी एकची वेळ.

माझा रूम पार्टनर हौद्यातून बाहेर फेकला गेला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. त्या सत्रात मशीन डिझाईनचा पेपर त्याने लेखनिक घेऊन दिला. मशीन डिझाईनचा पेपर, ज्यात अर्धे मार्क आकृत्यांना!

काका आले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. ते बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिले. मग क्लिप सोडून बोल्ट बाहेर काढला आणि माझ्या हातात ठेवला. म्हणाले, 'पाच महिने गाडी चालेल कशी, एवढंच बघितलंत रे पोरांनो. ती थांबेल कशी, हे मी विचारलं तर हसलात.'

आता माझ्या मताकडे येतो.

जुन्या गाडीत नवं इंजिन टाकणं हे मुळात चुकीचं नाही. जबलपूरने स्वतःच ते केलंय. १९९६ साली जोंगाची नागरिकांसाठीची आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात पेट्रोलऐवजी हिनोचं डिझेल इंजिन होतं. अमेरिकेचंही उदाहरण आहे. त्यांचा अडीच टनी एम-३५ ट्रक १९५० च्या आसपासचा. त्याच्या पुढच्या आवृत्तीत अनेक प्रकारचं इंधन चालणारं इंजिन होतं, आणि त्याची ज्वलनाची पद्धत मूळ त्याच मॅन कंपनीची, जिचा आराखडा आपल्या शक्तिमानला आहे. १९९० च्या दशकात त्यांनी या ट्रकांचं आयुष्य वाढवायचं ठरवलं आणि एम-३५ए३ ही आवृत्ती केली. इंजिन कॅटरपिलर ३११६ घातलं. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. गिअरबॉक्स बदलून अॅलिसनचा ऑटोमॅटिक बसवला, मागची जोडचाकं काढून मोठे एकेरी टायर घातले, आणि चालता चालता टायरमधली हवा कमी-जास्त करायची सोय केली. म्हणजे त्यांनी इंजिन बदललं नाही, ट्रक बदलला. फरक इथे आहे.

आम्ही उलट दिशेने काम केलं. इंजिनापासून सुरुवात केली आणि चाकापर्यंत पोचलोच नाही. माझं म्हणणं असं, की अशा कामाची सुरुवात चाकापासून करावी आणि इंजिन सगळ्यात शेवटी आणावं. पहिला प्रश्न: वाढलेल्या वेगाला आणि वजनाला हे ब्रेक पुरतील का? ताशी ६० ऐवजी ८० ने गेलं, तर थांबवायची ऊर्जा एक-तृतीयांशाने नाही, पावणेदोन पटींहून जास्त वाढते. हे बारावीचं फिजिक्स आहे. दुसरा प्रश्न: जास्तीचा टॉर्क प्रोपेलर शाफ्ट आणि अॅक्सल सोसतील का? सहा सिलिंडरचं इंजिन एका फेरीत तीन झटके देतं, चार सिलिंडरचं दोनच. म्हणजे झटके कमी पण दणके मोठे. तिसरा प्रश्न: गिअरचं गणित. जुनं इंजिन ३४०० फेऱ्यांना पूर्ण ताकद द्यायचं, आमचं नवं २८०० ला. अॅक्सल तोच ठेवला, तर जिथे आधी ८० मिळायचे तिथे ६६ मिळतील. 'जास्त पॉवरफुल' इंजिन टाकून ट्रक सावकाश होईल! मग येतात रेडिएटर, इंटरकूलरची जागा, इंधन परत टाकीत नेणारी नळी, आणि टाकी. कॉमन रेलमध्ये १६०० बारच्या आसपास दाब असतो आणि इंजेक्टरमधल्या फटी मायक्रॉनमध्ये. जुन्या टाकीतल्या गंजाचा कण तिथे पोचला की इंजेक्टरचं काम तमाम. हे सगळं झाल्यावर मग इंजिन.

काही जण म्हणतील, एवढा उपद्व्याप कशाला, मूळ पेट्रोल इंजिनच दुरुस्त करा, जुनं ते सोनं. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळू शकते, पण गाडी मूळ रूपात हवी, मोठे फेरबदल चालत नाहीत. इंजिन बदललं की ती वाट बंद. रस्त्यावर न्यायचं म्हटलं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय. त्यामुळे डिझेल टाकून लोणावळ्याला जायची स्वप्नं ज्यांना पडतायत, त्यांनी झोपेतून उठावं. आपल्या ट्रकला नंबर नाही, तो कॅम्पसच्या गेटबाहेर जाणार नाही.

पण मूळ इंजिनाचे वेडे एक गोष्ट विसरतात. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्या काळच्या कार्बुरेटरचे डायफ्राम आणि रबरी नळ्या त्यासाठी केलेल्याच नाहीत. शिवाय आपण म्युझियम नाही, कॉलेज आहोत. चबुतऱ्यावरच्या ट्रकपासून आपण काय शिकणार? रंगाचा शेड? म्हणून माझं मत डिझेलच्याच बाजूने आहे, पण एका अटीवर: चासी कुठेही कापायची नाही, वेल्डिंगने काही कायमचं चिकटवायचं नाही. जे लावायचं ते बोल्टने, म्हणजे उद्या कुणाला परत मूळ इंजिन बसवावंसं वाटलं तर बसवता येईल. जुनं इंजिन स्टँडवर लावून लॅबमध्ये ठेवा.

आणि आता जरा कडू बोलतो. आमच्या सीनियर्सच्या प्रोजेक्ट रिपोर्टची पानं ८४. त्यात अडॅप्टर प्लेटवर १९ पानं आणि ब्रेकवर एक वाक्य: 'ब्रेक प्रणाली मूळचीच ठेवली आहे.' एक्स्टर्नलना मैदानावरचा व्हिडिओ दाखवला. मार्क उत्तम पडले. मी त्या सहा जणांना दोष देत नाही, रात्री त्यांच्याबरोबर मीही जागलोय. दोष पद्धतीचा आहे. वर्षाच्या शेवटी काहीतरी हललं, फिरलं, पेटलं पाहिजे, तरच तो प्रोजेक्ट! कुणी वर्षभर फक्त ब्रेक बांधले आणि ट्रक जागेवरच उभा राहिला, तर त्याला आपण किती मार्क देऊ? खरं सांगा. म्हणूनच तर बाजारात तयार प्रोजेक्ट मिळतात आणि आपल्यातलेच काही जण ते गुपचूप विकत आणतात. हलण्याला मार्क आहेत, विचाराला नाहीत.

तेव्हा स्टाफला नम्र विनंती अशी. ट्रक निर्लेखनाच्या यादीतून तीन वर्षांसाठी काढा. पहिल्या वर्षाच्या बॅचला प्रोजेक्ट द्या फक्त ब्रेक आणि स्टिअरिंगचा. दुसऱ्या वर्षी गिअरबॉक्सपासून अॅक्सलपर्यंत मोजमाप आणि दुरुस्ती. तिसऱ्या वर्षी इंजिन, वायरिंग, कूलिंग. आणि प्रत्येक बॅचने एका जाड वहीत लिहून ठेवायचं: काय काढलं, काय बसवलं, काय राहिलं. तुटलेल्या आणि सोडून दिलेल्या गोष्टी आधी लिहायच्या. 'हँडब्रेकची केबल सोडली आहे' एवढं कुणी लिहिलं असतं, तर एक मनगट वाचलं असतं. आणि ज्या बॅचचा ट्रक चालला नाही, तिलाही पूर्ण मार्क मिळू शकतील असं आधीच जाहीर करा.

पैशांचं काय, असं अकाउंट्सवाले विचारतील. पहिल्या वर्षाला लागतात ब्रेक लायनिंग, व्हील सिलिंडर, पाइप, तेल आणि पुष्कळ घाम. माजी विद्यार्थ्यांकडे त्यासाठी हात पसरायला मला लाज नाही.

हॉस्टेलच्या मित्रांसाठी एक छोटीशी गोष्ट, जी काकांनी मला अपघातानंतर शिकवली आणि जी आधी येत असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. बूस्टर असलेली कुठलीही गाडी घ्या, घरची कार घ्या. इंजिन बंद ठेवून ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. मग दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल थोडंसं खाली गेलं, तर बूस्टर काम करतोय. जागचं हललं नाही, तर गाडी हलवू नका. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. सात इंजिनिअरांनी ते पाच महिन्यांत एकदाही केलं नाही.

निर्लेखन समितीची बैठक परीक्षेनंतर आहे, तोवर वाट बघत बसण्यात अर्थ नाही. दर शनिवारी चारनंतर मी ट्रकपाशी असतो. प्राचार्यांची परवानगी घेतली आहे, काका देखरेखीला असतात, आणि माझा रूम पार्टनर येतो, तो तर सगळ्यात आधी. पुढचं डावं चाक आणि ड्रम काढून झालाय. उजव्याचे दोन नट गंजलेत, निघत नाहीयेत. मेक, सिव्हिल, कॉम्प्युटर, कुणीही या. फक्त जुने कपडे घालून या.